उपरण्याखालचा भाव

दवाखान्याच्या नव्या इमारतीत देवस्थळीबाईंचा फोटो लावला, त्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. पहिल्या रांगेत बसलो होतो, कारण त्या इमारतीच्या पायात पडलेला मुरूम माझ्या गाड्यांनी वाहिलेला आहे, आणि तोही बाजारभावापेक्षा कमी दरानं. फोटोखाली काचेच्या चौकटीत एक पांढराशुभ्र रुमाल लावला होता. चारी कोपऱ्यांना रेशमाची फुलं. भाषणाला पुण्याहून कोणी मोठे डॉक्टर आणले होते. ते म्हणाले, "लहान मुलाला नेमकं किती दुखतंय, हे रुमालाखाली त्याचा हात धरून ओळखायची सुंदर पद्धत डॉक्टर देवस्थळी विलायतेहून शिकून आल्या होत्या."

मी उठलो आणि म्हणालो, "खोटं आहे."

शेजारी माझी मुलगी शकू बसली होती. तिनं माझ्या कोटाची बाही ओढली. "आबा, खाली बसा." अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी चहा आला, बटाटेवडे आले, प्रश्न काही आले नाहीत.

म्हणून लिहायला बसलोय. बाई विलायतेला कधी गेल्या नव्हत्या. मुंबईत शिकल्या आणि तिथून थेट इकडे आल्या. काचेतला रुमालही त्यांचा नाही. फुलं काढलेला रुमाल बाईंनी आयुष्यात वापरला नसेल. ती पद्धत चाकणच्या बैलबाजारातली आहे. ती बाईंना माझ्याकडून मिळाली. आणि ज्या कापडाखाली ती चालली ते माझं उपरणं होतं. बाईंनी ते मला न विचारता माझ्या हातांवरून ओढून घेतलं. मी आयुष्यात कोणाला काही फुकट दिलेलं नाही, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. म्हणूनच ते जास्त लागतं.

बाई आल्या तेव्हा पिंपरीकडे पहिल्या कारखान्यांचे पाये खणले जात होते. छावणीत निर्वासित सिंधी राहत होते, सडकेवरून मुंबईचे ट्रक धुरळा उडवत जायचे, आणि बाकी सगळी शेती होती. मी मूळचा करमाळ्याकडचा. एका बैलाच्या दाव्याला धरून या मुलखात आलो आणि चाकणच्या बाजारात दलाल झालो. चिंचवडच्या अलीकडे सडकेला लागून चार खोल्यांचा कौलारू दवाखाना होता. त्यातली पहिली खोली अपघाताची. परांचीवरून पडलेला गवंडी तिथेच, विंचू चावलेली म्हातारी तिथेच, आणि कडबा तोडायच्या यंत्रात बोट घातलेलं पोरही तिथेच. पोरंच जास्त. कारखाने नवे, यंत्रं नवी, आईबाप कामावर. पोरांवर लक्ष ठेवायला होते फक्त देव आणि कुत्री.

बाई उंच, हडकुळ्या, आवाज फौजदाराचा. मनगटावर पुरुषी घड्याळ. पांढऱ्या कोटाच्या एका खिशात छाती तपासायची नळी, दुसऱ्या खिशात फुटाणे. फुटाणे मुलांसाठी असतील असं नव्या माणसाला वाटायचं. तसं मुळीच नव्हतं. बाई ते स्वतः खायच्या. एखाद्या पोरानं हात पुढे केला तर म्हणायच्या, "माझे आहेत ते." मग त्याच्याकडे जरा बघून एक काढून द्यायच्या. एकच. त्यामुळे त्या खोलीत फुटाण्याला पेढ्याची किंमत आली होती. हे मात्र मला पहिल्या दिवसापासून पटलं. वाटत सुटलं की माल स्वस्त होतो.

मोठ्या माणसांशी बाई वाईट वागायच्या. सरसकट सगळ्यांशी, त्यामुळे कोणाला राग यायचा नाही. खोलीत एक वाक्य बोलायला बंदी होती: दुखणार नाही. एकदा रहाटणीचे एक मामा भाच्याला घेऊन आले. पोराच्या टाचेत काच गेलेली. पोरगं थरथरत होतं आणि मामा वरून धीर देत होते, "काय न्हाई दुखत रं. मुंगी चावल्यावानी वाटंल."

बाईंनी चिमटा खाली ठेवला. मामांच्या कानाची पाळी धरली आणि पिरगळली.

"आई गं! अवो बाई!"

"दुखलं?"

"व्हय की!"

"छे. मुंगी चावल्यासारखं वाटलं असेल."

"तुमाला काय ठावं? कान माजा हाय!"

"आणि टाच त्याची आहे," बाई म्हणाल्या. "बाहेर बसा."

पोरगं एवढं हसलं की काच निघाल्यावरही थोडा वेळ हसतच होतं. बाईंनी त्याला आधी सांगितलं होतं, "दुखेल. थोडं नाही, बरंच. पण तू थांब म्हणालास की मी थांबेन." आणि तो दोनदा थांब म्हणाला, बाई दोन्ही वेळा थांबल्या. बाहेर माणसांची रांग लागलेली, एक जण तर रक्तानं भिजलेल्या धोतरानिशी उभा. तरी थांबल्या.

"ज्याचं दुखणं, त्याचा भाव," असं त्या म्हणायच्या. मला ते वाक्य धंद्याच्या विरुद्ध वाटायचं आणि अजून वाटतं. विकणाऱ्यानं सांगितलेला पहिला भाव खरा धरला तर बाजार दुपारपर्यंत बंद पडेल.

पण बाई बाजारातही तशाच. चिंचवडच्या भाजीबाजारात त्यांना एकदा थेरगावच्या एका माळणीकडून वांगी घेताना बघितलं. माळणीनं सांगितलेला भाव ऐकून शेजारच्या गाढवानंसुद्धा मान वळवली असेल. बाईंनी पिशवी पुढे केली. मला राहवलं नाही. मी मधे पडलो, माळणीला चार शब्द सुनावले, भाव निम्म्यावर आणला आणि ऐटीत बाईंकडे वळलो. बाईंनी माळणीला तिचा पहिलाच भाव दिला आणि मला म्हणाल्या, "तुम्हाला कोणी बोलावलं होतं?"

"बाई, ती फसवतेय तुम्हाला."

"फसवू दे. फसायला परवडतं मला."

त्यावर माळण मला म्हणाली, "बघा, शिकल्याली माणसं कशी असत्यात!" त्या दिवसापासून त्या बाजारात मला कोणी वांगी नीट भावानं दिली नाहीत. हाही हिशेब बाईंकडेच निघतो.

आता उपरण्याचं सांगतो.

माझी शकू तेव्हा दुसरीत होती. पवनेच्या काठी वाकडकडे आमच्या ओळखीच्या माणसाचं गुऱ्हाळ होतं. पोरं तिथे ताजी काकवी खायला जमत. रस उकळायच्या काहिलीजवळ ढकलाढकली झाली आणि उकळती काकवी शकूच्या उजव्या हातावर आली. पाण्यानं भाजलं तर पाणी ओघळून जातं. काकवी जात नाही, चिकटून बसते आणि भाजत राहते. आधी गावात कोणी चुना लावला, कोणी शाई ओतली. मग एका कंपाउंडरनं पट्टी बांधली आणि दोन दिवसांनी ती खसकन ओढून काढली. तेव्हा तिचे पाय मी धरले होते, तिच्या मामानं खांदे धरले होते. सगळे असंच करायचे. पोर ओरडायची ती ओरडली, आणि त्यानंतर ओरडायची बंद झाली.

नुसतं ओरडणंच थांबलं नाही. हाताला काही करायचं म्हटलं की ती भिंतीकडे बघत बसायची आणि हूं की चूं करायची नाही. मला वाटलं, धीट आहे. बाईंकडे नेली तेव्हा मी अभिमानानं सांगितलं, "माझी पोरगी रडत नाही."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "रडणाऱ्या पोराचं मला कळतं," त्या म्हणाल्या. "हिचं कसं कळणार? औषध किती देऊ मी? कमी दिलं तर सोसत बसेल, जास्त दिलं तर झोपून जाईल आणि श्वास मंदावेल. काय गं, किती दुखतंय?"

शकू भिंतीकडे बघत राहिली.

"बोटं आखडायला लागली आहेत," बाई मला म्हणाल्या. "हात उघडला नाही तर मूठ अशीच राहील. आणि हिनं सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"मी धरतो की तिला."

"तुम्ही बाहेर बसा, दलाल."

बाहेर व्हरांड्यात बसलो. तेवढ्यात थेरगावचा एक शेतकरी, ज्याच्याशी माझा एका खिल्लारी जोडीचा सौदा अर्धवट राहिला होता, मला शोधत तिथेच आला. दवाखाना असला म्हणून काय झालं, सौदा तो सौदा. मी उपरणं काढलं, दोघांच्या हातांवर टाकलं आणि खाली बोटं धरली.

ज्यांनी बैलबाजार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा कापडाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट धरलं की एवढं, दोन धरली की एवढं, पुरी मूठ धरली की त्याच्यावर बोलणं नाही. चेहरा सपाट ठेवायचा. आतला भाव बाहेर सांगायचा नाही, मेलं तरी नाही, कारण एकाला कळला की बाजाराला कळला. आणि जवळ जो तिसरा माणूस उभा असेल, त्याला जराशी रीत असेल तर त्यानं उपरण्याकडे बघायचं नाही. आभाळाकडे बघायचं.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आभाळाकडे बघायची रीत त्यांना कुठली? टक लावून उपरण्याकडेच बघत होत्या.

"हे काय चाललंय?"

"सौदा."

"तोंडानं का नाही बोलत?"

मी समजावलं. चार माणसांत तोंडानं सांगितलं की सांगणारा अडकतो. मग त्याला ताठा ठेवावा लागतो, नाहीतर पडतं घ्यावं लागतं. कापडाखाली माणूस खरं बोलतो. तिथे लाज नसते.

बाईंनी फुटाणा चावणं थांबवलं. मग पुढे आल्या, आमच्या हातांवरचं उपरणं ओढलं आणि आत गेल्या. थेरगावकराची आणि माझी बोटं एकमेकांत अडकलेली, उघडी, सगळ्या व्हरांड्यासमोर. त्या जोडीचा सौदा कायमचा मोडला.

दारातून मला दिसलं ते सांगतो. बाई शकूशेजारी पलंगावर बसल्या. तिच्या चांगल्या, डाव्या हातावर उपरणं टाकलं आणि स्वतःचा हात खाली घातला. म्हणाल्या, "तुझे आबा बाजारात कसा भाव करतात माहीत आहे ना?" शकूनं मान हलवली. बैलांच्या दलालाची पोर, तिला माहीत नसेल तर कोणाला! "मग आपण तसाच करू. नुसता अंगठा धरलास तर थोडं दुखतंय. एकेक बोट जास्त धरशील तसं जास्त. सगळी मूठ धरलीस तर सोसत नाही. तोंडानं बोलायचं नाही. मी कोणाला सांगणार नाही."

शकू भिंतीकडे बघत होती. उपरणं जरासं हललं.

बाईंचा चेहरा सपाट राहिला. बाजारात तीस वर्षं काढलेल्या माणसाला जमणार नाही असा सपाट. फक्त सिस्टरला म्हणाल्या, "सुई घ्या," आणि औषधाचं नाव आणि माप सांगितलं. सुई दिल्यावर खुर्ची ओढून बसल्या आणि वर्तमानपत्र उघडलं.

मी दारातून म्हणालो, "आता पट्टी काढा की!"

"औषध दिलं म्हणजे औषध लागलं नव्हे," त्या पेपरमधून डोकं न काढता म्हणाल्या. बऱ्याच वेळानं पुन्हा उपरण्याखाली हात घातला. "भाव उतरला का बघू." उपरणं पुन्हा हललं. मग कोमट मिठाच्या पाण्यात पट्टी भिजवली, भिजवत ठेवली, आणि ती जणू स्वतःहून सुटून आली. सगळा वेळ त्यांचा एक हात उपरण्याखालीच होता. मधे दोनदा थांबल्या. कोणी ओरडलं नव्हतं, कोणी थांब म्हटलं नव्हतं. आत बोट दाबलं गेलं असणार.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "किती सांगितले?"

"काय किती?"

"पहिल्यांदा किती बोटं दाबली शकूनं?"

बाईंनी खिशातून एक फुटाणा काढून तोंडात टाकला. "उपरण्याखालचा भाव चव्हाट्यावर सांगतात का, दलाल? तुम्हीच म्हणालात ना?"

माझाच नियम माझ्या गळ्यात अडकवला. आणि उपरणं? "उद्या लागेल," म्हणाल्या. उद्या, परवा, मग पुढची सगळी वर्षं लागत राहिलं.

त्या उपरण्याखाली मग सगळ्या गावची पोरं हात घालून गेली. छावणीतल्या सिंधी पोरांची भाषा बाईंना येत नव्हती, पोरांना मराठी येत नव्हती. उपरण्याखाली दोघांचं बिनबोभाट जमायचं. वाकडचे एक पैलवान आपल्या मुलाला घेऊन आले होते. झाडावरून पडून कोपर निसटलेलं. पैलवान दारातच गरजले, "बाई, पोरगं माझं हाय! ह्यो रडायचा न्हाई!"

"वा," बाई म्हणाल्या आणि उपरणं टाकलं. "काय रे, दुखतंय?"

"न्हाई," पोरगं मोठ्यांदा म्हणालं. त्याच वेळी उपरण्याखाली त्यानं बाईंचा पंजा असा आवळला की त्यांचं घड्याळ हललं. हे मी डोळ्यांनी बघितलं. त्या दिवशी मी शकूला घेऊन तिथेच होतो, आणि रीत म्हणून आभाळाकडे बघायला गेलो तर वर कौलं.

"शाब्बास!" बाई पैलवानांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "दगड आहे दगड. सिस्टर, क्लोरोफॉर्म." आणि पैलवानांना म्हणाल्या, "याला दुखत नाही ते कळलं. झोपवतेय ती माझ्या सोयीसाठी. जागा असला तर कोपर बसवताना माझाच हात थरथरतो." पैलवान खूश, पोरगं झोपेत, कोपर जागेवर. बापाची मिशीही वर आणि पोराचा भावही पूर्ण दिला. असा सौदा मला आयुष्यात जमला नाही, हे मी मान्य करतो.

पण म्हणून त्या कायम जिंकायच्या असं नाही. एकदा शाळेतला एक पोरगा पोट धरून आला आणि उपरण्याखाली पुरी मूठ दाबून बसला. त्याचे डोळे बघितल्याबरोबर मला कळलं. बैलाचं वय लपवणारा शेतकरी असंच बघतो. मी म्हणालो, "बाई, हा खोटा भाव सांगतोय. आज शाळेत परीक्षा आहे."

बाईंनी त्याला नीट तपासलं, निजवला, गरम पाण्याची पिशवी दिली, तासातासानं पोट दाबून बघितलं. परीक्षेची वेळ टळल्यावर पोरगा टुणकन उठला आणि पेरू खात घरी गेला.

"बघा!" मी म्हणालो. एवढा आनंद मला जोडी विकल्यावरही होत नाही.

"फसले," बाई म्हणाल्या. हसत होत्या. "खोटं धरून चालले असते आणि पोटात खरंच काही असतं, तर?"

"पण नव्हतं ना!"

"आज नव्हतं," बाई म्हणाल्या आणि रांगेतल्या पुढच्या पोराला बोलावलं.

शकूची जखम भरली तसं खरं काम सुरू झालं. कातडी आवळत होती, बोटं तळव्याकडे ओढली जात होती. रोज सकाळी कोमट पाण्यात हात घालून एकेक बोट उघडायचं. बाई उघडायच्या, आत उपरण्याखाली भाव चालायचा, थांब म्हटलं की थांबायचं. मला ते फार सावकाश वाटायचं. एक दिवस मी आत घुसलो. म्हणालो, "तिचे फार लाड होताहेत. अशानं हात कधी उघडायचा? द्या इकडे. आणि शकू, ऐक, भावापेक्षा अर्धं बोट जास्त सोसलंस तर तुला चाकणच्या बाजारातनं पाटल्या आणीन. बोल."

शकूनं हात पाण्यातून काढून पाठीमागे नेला. आणि त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा तोंडानं बोलली.

"आबा बाहेर."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंत ना? गिऱ्हाईकानं दलाल बदललाय."

माझं डोकं फिरलं. तिथे काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पुन्हा या दवाखान्याची पायरी चढणार नाही, असं सडकेवरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात होतो. पोरीला आणणार कोण? पण आत गेलो नाही. रोज बाहेर बसायचो आणि मनात म्हणायचो, उपरणं माझं, पोर माझी, आणि बाहेर मी.

एक दिवस शकू एकटीच बाहेर आली. उजवा हात पुढे धरला होता. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत एक फुटाणा होता. डाव्या हाताचा आधार नव्हता. ती चालत आली, चिमूट उघडली आणि फुटाणा माझ्या तळहातावर ठेवला.

मी तो तोंडाकडे नेला तशी म्हणाली, "खाऊ नका. दाखवायला दिलाय. बाईंना परत द्यायचाय."

हात कामाला आला. करंगळी जरा वाकडी राहिली, ती अजून आहे. त्याच हातानं ती पुढे लिहायला लागली, भाकरी थापायला लागली, आणि दलाली सोडून मी मुरमाचा धंदा काढला तेव्हा माझ्या गाड्यांवर देखरेख करायला लागली. पण एक गोष्ट मला कायम टोचत राहिली. त्या पहिल्या दिवशी उपरण्याखाली किती दाबलं, ते तिनं सांगितलं नाही. मी सहज विचारून बघितलं, रागावून विचारलं, जत्रेत पाळण्यात बसवून विचारलं. एकदा तिच्या आईनं तिला विचारलं, "सांग की गं, आबा एवढं विचारतात तर."

शकू म्हणाली, "कशाला? सांगितलं तर कमी करायला लावतील."

मी बाजारात हजार शिव्या खाल्ल्यात. एकही एवढी आत गेली नाही. आणि पोरीवर राग काढता येईना, म्हणून मी तो बाईंवर काढला आणि उपरणं परत मागायला सुरुवात केली. दर आठवड्याला मागायचो. बाई म्हणायच्या, "आत्ता त्याच्याखाली एक जण आहे. नंतर या."

मग बाईंची बदली निघाली. कोकणात कुठेतरी. पन्नासचं दशक संपत आलं होतं. कारखान्यांच्या भोंग्यांवर लोक घड्याळं लावायला लागले होते. मी निरोप वगैरे द्यायला गेलो नव्हतो. उपरणं वसूल करायला गेलो होतो. शकू आता बरीच मोठी झाली होती. ती बाईंसाठी भाकरीचं गाठोडं घेऊन आली होती, स्वतः थापलेल्या. सडकेच्या कडेला एस.टी.ची वाट बघत बाई ट्रंकेवर बसल्या होत्या. सकाळचं कोवळं ऊन होतं. भोवती दहा-बारा आया, त्यांची पोरं, आणि कानाची पाळी चोळत उभे असलेले ते रहाटणीचे मामा.

"आलात का, दलाल," बाई म्हणाल्या. "उपरण्यासाठीच ना?"

"माझं आहे."

"नाही कोण म्हणतंय?" त्यांनी पिशवीतून काढलं. धुऊन धुऊन जाळीसारखं विरलं होतं. काठ गेला होता. मी हात पुढे केला. बाईंनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं शकूला जवळ ओढलं, तिचा उजवा हात, करंगळी वाकडी असलेला, माझ्या हातात दिला आणि वर उपरणं टाकलं.

"मी मधे फार दिवस राहिले," त्या म्हणाल्या. "आता तुमचा सौदा तुम्ही करा. माझी गाडी आली."

खरंच आली होती. कंडक्टर ट्रंक वर चढवत ओरडत होता, "चला बाई, चला!" बाई चढल्या. आम्ही बापलेक सडकेच्या कडेला तसेच उभे, चार लोकांत, उपरण्याखाली हात घालून. मला वाटलं ही हात काढून घेईल. शकू माझ्याकडे बघत नव्हती. समोर बघत होती, अगदी भिंतीकडे बघायची तशी.

मग तिनं दाबलं.

किती, ते मी सांगणार नाही. शिकलेल्या डॉक्टरांनी विचारलं तरी नाही. एवढंच सांगतो की मी चेहरा सपाट ठेवायचा प्रयत्न केला आणि तो काही जमला नाही. घासाघीस केली नाही. पहिल्याच भावाला मान हलवली. असं मी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही कधी केलं नाही, हे माझ्याशी व्यवहार केलेला कोणीही सांगेल.

उपरणं तेव्हापासून माझ्या ट्रंकेत आहे. काचेत लावायला ते मिळणार नाही.

एस.टी. हलली तेव्हा मी वर बघितलं. बाई खिडकीशी बसल्या होत्या, आमच्यापासून हातभर अंतरावर. सगळी पोरं हात हलवत होती, मामा ओरडत होते, आया डोळे पुसत होत्या. बाई कोणाकडेच बघत नव्हत्या. मान मागे टाकून, फुटाणे चावत, त्या एकटक आभाळाकडे बघत होत्या.

गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी मान खाली केली नाही.